नीतिधैर्याची सीमारेषा



धर्मगुरूंच्या नीतिधैर्याचा विषय निघाला की पुरोगामी कार्यकर्त्यांच्या सभेत दोन तऱ्हेची अस्वस्थता निर्माण होते. काहींना वाटते, ज्या संस्थेने शतकानुशतके राजसत्तेच्या पालखीला खांदा दिला तिच्या गुणगानात वेळ कशाला दवडायचा? इतरांना नेमके उलट वाटते. अशा एखाद्या सत्पुरुषाची गोष्ट ऐकावी, हात जोडावेत आणि घरी जावे. तिची चिकित्सा करणे म्हणजे कृतघ्नपणा. हे दोन्ही पवित्रे सोयीचे आहेत, कारण दोहोंतही विचार करण्याचे श्रम वाचतात. बल्गेरियात १९४३ साली जे घडले ते मात्र या दोन्ही पवित्र्यांना पुरून उरणारे आहे. तेथे काही धर्मगुरू खरोखरच उभे राहिले आणि त्यांच्यासह इतरही उभे राहिले म्हणून हजारो माणसांचे प्राण वाचले. आणि त्याच देशाच्या रेल्वेगाड्यांतून, त्याच देशाच्या पोलिसांच्या पहाऱ्यात, त्याच महिन्यात अकरा हजारांवर माणसे मरणाकडे रवाना झाली. पहिली गोष्ट सांगून दुसरी गाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. दुसरीच्या आधारे पहिलीला खोटी ठरवणे हाही तितकाच अप्रामाणिकपणा आहे.

अंगावरचा झगा माणसाला आपोआप धैर्य देत नाही, हे आरंभीच स्पष्ट करून घेतलेले बरे. त्याच महायुद्धात स्लोवाकियाचा राष्ट्राध्यक्ष योझेफ तिसो हा स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता आणि त्याच्या राजवटीने १९४२ साली सुमारे ५८ हजार ज्यूंना जर्मनांच्या हवाली केले. उलट फ्रान्समध्ये तुलूझचे वृद्ध व व्याधिग्रस्त आर्चबिशप सालिएज यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या प्रांतातील चर्चमधून ज्यूंच्या धरपकडीचा निषेध करणारे पत्र वाचायला लावले. ग्रीसमधील झाकिन्थोस बेटावर ज्यूंची यादी मागणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याला तेथील बिशप आणि महापौर यांनी फक्त स्वतःची दोन नावे लिहून दिली. बेटावरचे २७५ ज्यू वाचले. धर्म एकच, आणि त्यातून वागणुकी इतक्या परस्परविरुद्ध! तेव्हा प्रश्न धर्मग्रंथांचा कमी आणि त्या त्या माणसाने आपल्या पदाचा विनियोग कोणासाठी केला याचा अधिक आहे.

बल्गेरिया हा बाल्कन प्रदेशातील शेतीप्रधान, गरीब देश. त्यात सुमारे ४८ हजार ज्यू राहत होते. लोकसंख्येच्या मानाने ते शेकडा एकही भरत नसत. १४९२ साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांचे ते बहुतांशी वंशज. घरात अजून लादिनो ही स्पॅनिशशी नाते सांगणारी बोली बोलत. त्यांत धनिक होते, पण थोडे. बहुसंख्य लोक कारागीर, छोटे दुकानदार, फेरीवाले आणि मजूर होते. शेजाऱ्यांशी त्यांचे संबंध सामान्यतः सलोख्याचे असत.

अशा देशात ज्यूद्वेषाचा कायदा आला तो लोकांच्या मागणीमुळे नव्हे. तो जमिनीच्या लोभामुळे आला. पहिल्या महायुद्धात गमावलेला भूप्रदेश परत मिळावा ही राजा बोरिस तिसरा आणि पंतप्रधान बोग्दान फिलोव यांची आकांक्षा होती आणि हिटलरखेरीज तो देऊ शकणारा दुसरा कोणी त्यांना दिसत नव्हता. १९४० च्या सप्टेंबरात दक्षिण दोब्रुजा मिळाला. १ मार्च १९४१ रोजी बल्गेरिया जर्मनीच्या गोटात सामील झाला आणि एप्रिलमध्ये ग्रीसचा थ्रेस व युगोस्लाव्हियाचा मॅसिडोनिया या प्रदेशांत बल्गेरियन फौजा शिरल्या. सरकारी भाषेत त्यांचे नाव झाले ‘नवमुक्त प्रदेश’. या देणगीची किंमत चुकवण्याची तयारी सरकारने आधीपासूनच चालवली होती. १९४० च्या डिसेंबरअखेर संसदेने ‘राष्ट्रसंरक्षण कायदा’ संमत केला. असल्या कायद्यांची नावे नेहमीच भारदस्त असतात. संरक्षण कोणाचे आणि कोणापासून, हे कलमे वाचल्यावरच कळते. ज्यूंना सरकारी नोकऱ्या बंद, मिश्रविवाह बंद, व्यवसायांत मर्यादा, मालमत्तेवर निर्बंध, राहण्या-फिरण्यावर नियंत्रण. न्यूरेंबर्गच्या कायद्यांचा हा बल्गेरियन अवतार होता.

या विधेयकाला जो विरोध झाला त्याची नोंद घेतली पाहिजे, कारण १९४३ चे बीज त्यात आहे. एकवीस लेखकांनी सरकारला निषेधाचे पत्र पाठवले. वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध नोंदवला. आणि बल्गेरियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या ‘पवित्र सिनॉड’ने, म्हणजे सर्व प्रांतांच्या प्रमुख धर्मगुरूंच्या मंडळाने, पंतप्रधानांना पत्र लिहिले. हे पत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यात दोन मागण्या होत्या. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या ज्यूंना इतर ख्रिश्चनांप्रमाणेच वागवावे, ही पहिली. राष्ट्राला खरोखर ज्या धोक्यांपासून संरक्षण हवे आहे त्यांविरुद्ध उपाय योजावेत, एखाद्या जमातीविरुद्ध ती ज्यू आहे एवढ्याच कारणाने योजू नयेत, ही दुसरी. पहिली मागणी आपल्या कळपापुरती आहे. दुसरीत तत्त्व आहे, परंतु ते दबकत मांडलेले. निर्भय जाहीरनामा म्हणून या पत्राकडे पाहता येणार नाही. एका सावध, प्रतिष्ठित, सरकारदरबारी वावरणाऱ्या संस्थेने घेतलेली ती हरकत होती. तरीही ती लेखी होती, आणि लेखी हरकतीला एक गुण असतो. पुढे गप्प बसायचे झाले तर आपलेच पत्र आपल्याला आडवे येते.

१९४२ च्या ऑगस्टनंतर ज्यूविषयक कारभार एका स्वतंत्र आयुक्तालयाकडे गेला आणि त्याच्या प्रमुखपदी अलेक्सांदर बेलेव हा कट्टर ज्यूद्वेष्टा बसला. सप्टेंबरअखेर ज्यूंनी पिवळी चांदणी लावावी असा हुकूम निघाला. त्याच दिवसांत सोफियाचे मेट्रोपॉलिटन, म्हणजे राजधानीच्या प्रांताचे मुख्य धर्मगुरू, स्तेफान यांनी प्रवचनात या प्रश्नाला हात घातला. प्रवचनाचा आशय असा होता की, ज्यूंना त्यांच्या कर्माचे फळ ईश्वराने दिलेलेच आहे. परंतु त्यांना छळण्याचा अधिकार माणसाला नाही. जर्मन गुप्तहेर खात्याने या प्रवचनाची तक्रारवजा नोंद बर्लिनला पाठवली.

त्या वाक्याचा पूर्वार्ध आज कानाला बोचतो, आणि बोचावाच. ख्रिस्ताच्या वधाबद्दल अख्ख्या जमातीला दोषी धरणारा तो मध्ययुगीन पूर्वग्रह आहे. युरोपातल्या ज्यूद्वेषाची मुळे त्याच मातीत आहेत. स्तेफान काही आधुनिक अर्थाने उदारमतवादी नव्हते. १८७८ साली जन्मलेले, कीव्हला शिकलेले, स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरेट मिळवलेले, राजवाड्यात ये-जा असलेले असे हे विद्वान आणि काहीसे मानी गृहस्थ. पण त्यांच्यासारख्याच परंपरेत वाढलेल्या हजारो धर्मगुरूंनी त्या वाक्याचा पूर्वार्ध उच्चारला आणि ते तिथेच थांबले. स्तेफान थांबले नाहीत. ज्याची मते आधी निर्मळ होतील तोच धैर्य दाखवू शकेल, असा आग्रह धरला तर जगात फारच थोडे धैर्य शिल्लक राहील. मते मळलेली असतानाही माणूस योग्य क्षणी योग्य बाजूला उभा राहू शकतो, ही बाब कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शुद्धतेच्या चाळण्या लावून मित्र पारखण्याची खोड चळवळींना नवी नाही.

२२ फेब्रुवारी १९४३ रोजी बेलेव आणि जर्मनांचा प्रतिनिधी थिओडोर डानेकर यांच्यात करार झाला. या डानेकरने त्याआधी पॅरिसमधून ज्यूंची पाठवणी करण्याचे काम केलेले होते. २० हजार ज्यूंना हवाली करावयाचे असे ठरले. कराराच्या मसुद्यात हे ज्यू ‘नव्या प्रदेशांतील’ असतील असे शब्द होते. परंतु थ्रेस, मॅसिडोनिया आणि सर्बियाचा पिरोत भाग मिळून ज्यूंची संख्या १२ हजारांच्या आसपासच भरत होती. तेव्हा ते शब्द शाईने खोडण्यात आले. त्या एका रेघेने आठ हजार बल्गेरियन नागरिक यादीत आले. प्रशासनाच्या हातून होणारी हत्या कशी सुरू होते याचा यापेक्षा बोलका दाखला शोधूनही सापडणार नाही.

४ मार्चच्या पहाटे थ्रेसमध्ये धरपकड झाली. कवाला, द्रामा, सेरेस, झान्थी या गावांतील ज्यूंना ऐन थंडीत घरांतून काढून मालगाड्यांत भरले आणि बल्गेरियामार्गे डॅन्यूबवरच्या लोम बंदराकडे नेले. वाटेत दुप्नित्सा आणि गोर्ना जुमाया येथील तंबाखूच्या गोदामांत त्यांना कोंडून ठेवण्यात आले. लोमहून बोटीने व्हिएन्ना आणि तेथून पुन्हा रेल्वेने पोलंडमधील त्रेब्लिंका. त्या दिवसांत स्तेफान रीला मठाच्या बाजूला प्रवासात होते. दुप्नित्साच्या परिसरात या गाड्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. लहान मुले, म्हातारी माणसे, बाळंतिणी. पाण्यासाठी हात बाहेर काढलेले. आणि पहारेकरी कोणी परके नव्हते, आपलेच. त्यांनी तेथूनच राजाला तार करून या लोकांना निदान माणसांसारखे वागवावे आणि पोलंडला पाठवू नये अशी विनंती केली. राजवाड्याकडून आलेले उत्तर मोघम होते. गाड्या पुढे गेल्या.

याच सुमारास पश्चिमेकडच्या क्युस्तेन्दिल या गावात बातमी फुटली की, आपल्याकडच्या ज्यूंसाठीही गोदाम रिकामे करून ठेवले आहे. गावातून चाळीस जणांनी राजधानीला जावे असे ठरले. प्रत्यक्ष निघायच्या वेळी चौघेच आले! ज्यांनी सभा-मोर्चे आयोजित केले आहेत त्यांना या आकड्यांचे नवल वाटणार नाही. त्या चौघांत कोणीही धर्मगुरू नव्हता. एक चामड्याच्या वस्तूंचा व्यापारी आसेन सुइचमेझोव, एक वकील, एक शिक्षक आणि एक संसद सदस्य. ८ मार्चला ते निघाले आणि आपल्या गावचे प्रतिनिधी, संसदेचे उपसभापती दिमितर पेशेव यांना भेटले. पेशेव सरकारपक्षाचे, राष्ट्रसंरक्षण कायद्यालाही त्यांचा पाठिंबा होता. परंतु कायदा कागदावर असणे आणि आपल्या गावची माणसे मालगाडीत बसणे यांतला फरक त्यांच्या ध्यानात आला. ९ मार्चला काही सदस्यांना बरोबर घेऊन ते गृहमंत्री गाब्रोव्स्की यांच्या कचेरीत गेले. मंत्र्यांनी प्रथम कानांवर हात ठेवले. पण ही मंडळी हलेनात. अखेर त्या संध्याकाळी जुन्या बल्गेरियातील पाठवणी स्थगित करण्याचे आदेश सुटले.

आदेश सर्वत्र वेळेवर पोचला नाही. देशातले दुसरे मोठे शहर प्लोवदिव येथे त्याच रात्री पोलिसांनी सुमारे दीड हजार ज्यूंना उठवून ज्यू शाळेच्या आवारात आणले. तेथील मेट्रोपॉलिटन किरिल तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. पहाटे बातमी कळताच त्यांनी राजाला तार केली. ही तार नेहमीच्या विनवणीची नव्हती. हा प्रकार थांबला नाही तर आजवर राजनिष्ठ असलेला आपण यापुढे फक्त आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला अनुसरून वागू, असा इशारा तिच्यात होता. मग ते शाळेकडे गेले. पहारेकऱ्यांनी अडवताच त्यांनी कुंपण ओलांडले, आत कोंडलेल्यांना ‘तुम्ही जाल तिथे मी येईन’ असे आश्वासन दिले आणि गाडी सुटलीच तर रुळांवर आडवा पडेन असे बजावले, अशी हकिगत सांगतात. तपशिलांबाबत सांगणाऱ्यांत फरक आहे. लोकांच्या तोंडी गोष्ट वाढते हे खरे. तारेविषयी मात्र वाद नाही. त्याच दिवशी शाळेचे दरवाजे उघडले आणि लोक आपापल्या घरी परतले.

इथे थांबून एक विचार केला पाहिजे. किरिल यांच्याकडे बंदूक नव्हती, अनुयायांची फौज नव्हती. मग त्यांच्या तारेत एवढे बळ कुठून आले? बल्गेरियात चर्च ही केवळ पूजाअर्चेची जागा नव्हती. तुर्की अमलाखाली, देश स्वतंत्र होण्याच्याही आधी, १८७० साली बल्गेरियन चर्चला स्वतंत्र अस्तित्व मिळाले होते. भाषा, शाळा आणि राष्ट्रभावना यांची जोपासना तिच्या आश्रयाने झाली होती. राजघराणे जर्मन वंशाचे आणि त्यामानाने कालचे. चर्च लोकांच्या रक्तात भिनलेले. ज्या राजाला आपली राजवट राष्ट्रीय आहे असे दाखवायचे होते त्याला मेट्रोपॉलिटनला तुरुंगात घालणे परवडणारे नव्हते. बल्गेरियावर जर्मनांचे प्रत्यक्ष लष्करी शासन नव्हते, बल्गेरियाने रशियाविरुद्ध फौज पाठवलेली नव्हती, संसद नावापुरती का होईना चालू होती आणि फेब्रुवारीत स्टालिनग्राडला जर्मनांचा पाडाव झाल्याने चाणाक्ष लोकांचे डोळे उघडू लागले होते. या साऱ्या गोष्टी नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांनी धैर्याचे मोल कमी होत नाही. बेलेव-डानेकर करार स्टालिनग्राडनंतरच झाला होता. म्हणजे केवळ वारे फिरले म्हणून कोणी सुधारले असे नव्हे. परिस्थितीने एक फट ठेवली होती. त्या फटीत पाय अडकवायला कोणीतरी लागतो.

आणि हे कोणीतरी एकटे नव्हते. पेशेव यांनी १७ मार्चला त्रेचाळीस सदस्यांच्या सह्यांचे निषेधपत्र पंतप्रधानांकडे दिले. त्याबद्दल त्यांना उपसभापतिपद गमवावे लागले. पत्रकार दिमो काझासोव यांनी उघड विरोध केला. भूमिगत कम्युनिस्टांनी पत्रके काढली, त्यांच्या ‘ख्रिस्तो बोतेव’ नभोवाणीने आवाज उठवला आणि अनेक तरुण ज्यू प्रतिकाराच्या लढ्यात पडले. धर्मगुरू, व्यापारी, सत्ताधारी पक्षाचा खासदार आणि कम्युनिस्ट ही मंडळी एरवी एका पंगतीला बसणारी नव्हती. त्यांनी आघाडी केली नाही, संयुक्त पत्रकही काढले नाही. प्रत्येकाने आपापल्या जागी आपापले हत्यार वापरले. कोणाचे व्यासपीठ, कोणाची सही, कोणाचा गावाला दिलेला शब्द.

मे महिन्यात दुसरा हल्ला आला. सोफियातील ज्यूंना प्रांतोप्रांतीच्या लहान गावांत पाठवण्याचा हुकूम निघाला आणि ही पोलंडच्या वाटेवरची पहिली पायरी आहे अशी रास्त भीती पसरली. २४ मे हा संत किरिल आणि मेथोडियस यांचा, म्हणजे स्लाव लिपीच्या आद्य प्रवर्तकांचा सण. त्या दिवशी ज्यूंनी निदर्शने केली. त्यांत बिगरज्यूही मिसळले. त्यांच्या प्रतिनिधींनी स्तेफान यांची भेट घेतली आणि स्तेफान यांनी त्यांची बाजू राजवाड्याकडे नेली. जो दुसऱ्यांना छळतो तो स्वतः त्याच मापाने मोजला जाईल, या अर्थाचा निरोप त्यांनी राजाला पाठवला. ज्यूंच्या धर्मगुरूला त्यांनी आपल्या निवासात आश्रय दिला. ज्यांना कागदपत्रांनी संरक्षण मिळेल असे वाटत होते त्यांना बाप्तिस्म्याचे दाखले देण्याची मुभा त्यांनी दिली. सरकारने अशा नव्या बाप्तिस्म्यांना मान्यता नाकारली.

या बाप्तिस्म्यांविषयी आपल्याकडे संशयाने विचारले जाईल: संकटाचा फायदा घेऊन धर्मांतर? प्रश्न योग्य आहे आणि युरोपच्या इतिहासात त्याचे उत्तर पुष्कळदा ‘होय’ असे आहे. फ्रान्समध्ये मठांत लपवलेल्या ज्यू मुलांवरून युद्धानंतर जे खटले झाले ते त्याचेच फळ होते. स्तेफान यांच्या बाबतीत मात्र दाखला हा आत्म्याच्या उद्धाराऐवजी पोलिसांच्या वहीसाठी होता असे एकूण वर्तनावरून दिसते. बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठीही ते तितकेच भांडत होते. स्वधर्माच्या सर्वांत पवित्र विधीचा असा सांसारिक उपयोग करू देणे ही धर्मगुरूच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे.

हकालपट्टी मात्र टळली नाही. सुमारे १९ हजार ज्यू राजधानीबाहेर गेले, पुरुष सक्तमजुरीच्या छावण्यांत राबले, निदर्शनांत पकडलेल्यांना डॅन्यूबकाठच्या सोमोवित छावणीत टाकले, घरेदारे लिलावात निघाली. ‘बल्गेरियातील ज्यू वाचले’ या वाक्यात हे सारे झाकले जाते. ते वाचले, म्हणजे पोलंडला गेले नाहीत.

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळणे भाग आहे. ९ मार्चच्या संध्याकाळी स्थगिती आली ती जुन्या सीमांच्या आतील ज्यूंपुरती. ११ मार्चला मॅसिडोनियात स्कोप्ये, बितोला, श्टिप येथे धरपकड झाली. सात हजारांवर लोकांना स्कोप्येतील ‘मोनोपोल’ तंबाखू कारखान्याच्या इमारतींत कोंडले. २२, २५ आणि २९ मार्चला तीन गाड्या तेथून त्रेब्लिंकाला निघाल्या. म्हणजे प्लोवदिवचे लोक घरी परतल्यावर, पेशेव यांचे निषेधपत्र पंतप्रधानांच्या टेबलावर पडल्यावर, शेवटची गाडी सुटेपर्यंत बारा दिवसांचा वेळ शिल्लक होता. थ्रेस, मॅसिडोनिया आणि पिरोत मिळून ११,३४३ माणसे गेली. परत येणारे बोटांवर मोजण्याइतके. २ एप्रिलला सिनॉडची बैठक भरली, तीत स्तेफान यांनी डोळ्यांनी पाहिलेले सांगितले, किरिल यांनी प्लोवदिवची हकिगत निवेदन केली. पण तोवर शेवटची गाडीही गेली होती.

या प्रदेशांतील ज्यूंना कोणी का वाचवले नाही? कायद्याचे उत्तर सोपे आहे. १९४२ च्या जूनमधील हुकमाने नव्या प्रदेशांतील इतरांना बल्गेरियन नागरिकत्व मिळाले, ज्यूंना वगळण्यात आले. ज्याला नागरिकत्व नाही त्याच्यासाठी खासदार नाही, गावची सभा नाही, सोफियाला जाणारे चौघे नाहीत. परंतु चर्चपुरते पाहिले तर आणखी एक कारण दिसते आणि ते अधिक अडचणीचे आहे. थ्रेस आणि मॅसिडोनिया ताब्यात येताच बल्गेरियन चर्चने तेथील प्रांत आपल्या अधिकाराखाली घेतले होते; ग्रीक बिशप आणि पाद्री हाकलले गेले होते. राज्याने गिळलेल्या भूमीत चर्चचाही घास होता. त्या भूमीवरील अत्याचारांविरुद्ध मूळ हक्काचा सवाल उठवायचा तर आपण तिथे काय करतो आहोत, हा प्रश्न स्वतःलाच विचारावा लागला असता. स्तेफान यांचे हृदय दुप्नित्साच्या रुळांजवळ हेलावले, त्यांनी तार केली. पण सिनॉड या संस्थेचा आवाज १९४१ च्या सीमेपलीकडे क्षीण झाला. जेथे संस्थेला फक्त गमवायचे होते तेथे ती धीट ठरली. जेथे तिने नुकतेच काही मिळवले होते तेथे ती अडखळली. हे केवळ चर्चलाच लागू आहे असे मानण्याचे कारण नाही.

पुढचा इतिहास डाव्यांनीही डोळे उघडे ठेवून वाचायला हवा. १९४४ च्या सप्टेंबरात फादरलँड फ्रंटची सत्ता आली आणि लोकन्यायालये बसली. फिलोव आणि गाब्रोव्स्की यांना मृत्युदंड झाला, तो समजण्यासारखा आहे. पण पेशेव यांच्या पत्रावर सही करणाऱ्यांपैकीही वीस जणांना फाशीच्या रांगेत उभे केले गेले, कारण ते जुन्या संसदेचे सदस्य होते. खुद्द पेशेव यांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा बचाव एका ज्यू वकिलाने केला. दीडेक वर्षाने ते सुटले आणि १९७३ साली सोफियात जवळजवळ विस्मृतीत वारले. त्याच वर्षी इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने त्यांचा गौरव केला होता. स्तेफान १९४५ मध्ये चर्चचे सर्वोच्च प्रमुख झाले, आणि १९४८ च्या सप्टेंबरात नव्या राजवटीशी न पटल्याने त्यांना पद सोडावे लागले. उरलेले आयुष्य त्यांनी बान्या नावाच्या खेड्यात नजरकैदेसारख्या अवस्थेत काढले. १९५७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. किरिल यांनी दुसरी वाट पत्करली. राजवटीशी जुळवून घेत ते १९५३ मध्ये पॅट्रिआर्क झाले आणि १९७१ पर्यंत त्या पदावर राहिले. राजाला ‘यापुढे निष्ठा नाही’ असे कळवणारा माणूस पक्षसत्तेपुढे का नमला, याचा निवाडा दुरून करणे सोपे आहे. दोघांचीही समाधी बाच्कोवो मठात आहे. याद वाशेमने दोघांनाही मान्यता दिली.

ज्यू मात्र बल्गेरियात राहिले नाहीत. वाचलेल्यांपैकी बहुसंख्य १९४८-४९ मध्ये इस्रायलला निघून गेले.

श्रेयाचा वाद मागे उरला. कम्युनिस्ट राजवटीने अनेक वर्षे सारे श्रेय पक्षाला आणि पुढे थेट तोदोर झिवकोव यांना दिले. १९८९ नंतर पारडे फिरले आणि राजा बोरिस हाच त्राता होता असे सांगणारे पुढे आले. जेरुसलेमजवळच्या वनात राजाच्या नावाचा स्मृतिफलक लागला. त्यावर थ्रेस आणि मॅसिडोनियातून गेलेल्यांच्या वारसांनी हरकत घेतली. ज्या राजाच्या राज्यातील पोलिसांनी आमची माणसे गाड्यांत भरली त्याचे नाव येथे कसे, असा त्यांचा सवाल होता. निवृत्त न्यायमूर्ती मोशे बेइस्की यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फलक काढण्याचा निर्णय दिला आणि २००० साली तो काढला गेला. २००८ मध्ये बल्गेरियाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष गिओर्गी पर्वानोव यांनी इस्रायलमध्ये बोलताना त्या अकरा हजारांविषयीची आपल्या देशाची जबाबदारी प्रथमच उघडपणे मान्य केली. २०१३ साली बल्गेरियाच्या संसदेने ठराव करून खेद व्यक्त केला खरा, परंतु ती पाठवणी जर्मनांच्या हुकमतीखाली झाली असेही त्यात घातले. स्कोप्येमध्ये २०११ पासून या हत्याकांडाचे स्मारक-संग्रहालय उभे आहे. तेथील लोकांना तो ठराव मान्य झालेला नाही.